वाला की णारा? युरोपीय भाषांतली धंद्याची शेपटी ओळखायची रीत

नळ गळायला लागला की आपण प्लंबरला फोन लावतो. आता दहावीचं रसायनशास्त्र आठवा. शिशाची संज्ञा 'पीबी' आहे, कारण लॅटिनमध्ये शिशाला 'प्लुम्बुम' म्हणत. रोमन शहरांत पाण्याचे नळ शिशाचे असत आणि शिशाचं काम करणारा तो 'प्लुम्बारिउस'. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'प्लोमिए' झाला, इंग्रजीत प्लंबर झाला आणि तिथून आपल्या बाथरूममध्ये आला. हल्ली नळ पीव्हीसीचे असतात, पण बिचाऱ्याच्या नावातलं शिसं काही गेलेलं नाही.

या शब्दाच्या मागे जी शेपटी आहे, '-आरिउस', तिच्याबद्दल हा लेख आहे. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज यांपैकी काही शिकत असाल, तर धंद्यांच्या नावांच्या याद्या पाठ करण्यात बरेच दिवस जातात. माझेही गेले. नंतर मी जर्मन शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आलं की यादी पाठ करायची गरज नाही. एक शेपटी पकडायची आणि ती प्रत्येक देशात कोणतं रूप घेते एवढं बघायचं. एक वही घ्या आणि खाली जातो तसतसं लिहीत चला. वाचून सोडून दिलंत तर आठवड्याभरात विसराल.

पहिली पायरी : 'वाला' आणि 'णारा' वेगळे करा

मराठीत हा फरक आपण न शिकता करतो. दूधवाला, भाजीवाला, टांगेवाला इथे 'वाला' वस्तूला चिकटतो. देणारा, विकणारा, शिकवणारा इथे 'णारा' क्रियेला चिकटतो. 'दूधणारा' कुणी म्हणत नाही.

लॅटिनमध्येही नेमकी हीच वाटणी होती. '-आरिउस' म्हणजे वाला. 'आर्जेंतुम' म्हणजे चांदी, तर 'आर्जेंतारिउस' हा चांदीवाला, म्हणजे रोममधला सराफ. 'कार्पेंतुम' ही दोन चाकांची गाडी. हा शब्द मुळात गॉल लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या जुन्या रहिवाशांचा, रोमनांनी उचललेला. तिच्यावरून 'कार्पेंतारिउस', गाड्या बनवणारा. आपला कारपेंटर तोच; म्हणजे आधी गाडीसुतार, मग नुसता सुतार.

'-टोर' म्हणजे णारा. 'वेंदितोर' विकणारा, 'दातोर' देणारा, 'डोक्टोर' शिकवणारा. हो, डॉक्टर मुळात मास्तर आहे, आणि पीएच.डी. झालेल्यांना डॉक्टर म्हणतात ते त्यामुळेच.

'दातोर' हा शब्द ऐकून कान टवकारले असतील तर बरोबर आहे. संस्कृतातला 'दातृ', म्हणजे आपला दाता, हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. लॅटिनने संस्कृताकडून घेतलं असं नाही, किंवा उलटही नाही. दोघांची आजी एक. कर्ता, नेता, वक्ता, श्रोता यांतला 'ता' आणि कलेक्टर, कंडक्टर, इन्स्पेक्टर, एडिटर यांतला 'टर' ही एकाच प्रत्ययाची दोन रूपं आहेत. लॅटिनचं स्त्रीलिंग '-ट्रिक्स' आणि आपलं अभिनेत्री, कवयित्रीमधलं 'त्री' हेही तसंच. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पाटीवर 'कलेक्टर' आणि शेजारच्या सभागृहात 'वक्ता' असेल, तर ते दोघे भाऊबंद आहेत. '-आरिउस'ची मात्र आपल्या घरात अशी सोयरीक नाही. तो युरोपातच वाढला आणि आपल्याकडे पाहुणा म्हणून आला.

वहीत दोन रकाने करा : डावीकडे वाला, उजवीकडे णारा. पुढचं सगळं काम डाव्या रकान्यात आहे.

दुसरी पायरी : एक गिरणीवाला घ्या आणि त्याला युरोपभर फिरवा

शेपटी शिकायची तर एकच माणूस धरावा. मी गिरणीवाला निवडतो, कारण पिठाची गिरणी प्रत्येक गावात होती आणि रोमनांच्या पाणचक्क्यांबरोबर तिचं नावही उत्तरेकडे गेलं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये गिरणी 'मोलिना', गिरणीवाला 'मोलिनारिउस'. आता ऐका.

स्पॅनिशमध्ये तो 'मोलिनेरो', पोर्तुगीजमध्ये 'मुलेइरु', फ्रेंचमध्ये 'म्युनिए', इटालियनमध्ये 'मुन्याइओ'. रुमानियात गिरणीला वेगळा शब्द आहे, 'मोआरा', म्हणून तिथे तो 'मोरार'. धड वेगळं, शेपटी तीच. जर्मनमध्ये 'म्युलर', डचमध्ये 'मोलेनार', स्वीडिशमध्ये 'म्योलनारे', चेकमध्ये 'म्लिनार्श', क्रोएशियनमध्ये 'म्लिनार', पोलिशमध्ये 'म्विनाश'. हंगेरियन आणि फिनिश या तर युरोपातल्या बाकी बहुतेक भाषांच्या कुळातल्याही नाहीत, तरी तिथे 'मोल्नार' आणि 'म्युल्लारी'.

यात सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे शेपटी कशी झिजली ते. हे जरा सावकाश म्हणून बघा. 'आरिउ' म्हणताना जीभ 'र'नंतर लगेच 'इ'कडे धावते. आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडे, हा 'इ' उडी मारून 'र'च्या अलीकडे आला : आरिउ, मग आइरु, मग एइरु. पोर्तुगीज इथेच थांबली. स्पॅनिशने आणखी एक पाऊल टाकून 'एइ'चा 'ए' केला : एरो. म्हणजे पोर्तुगीज '-एइरु' दिसला की 'इ' गाळा, बहुतेक वेळा स्पॅनिश शब्द हातात येतो. सपाटेइरु, सापातेरो : मोची. कुझिन्येइरु, कोसिनेरो : स्वयंपाकी. फेरेइरु, एर्रेरो : लोहार, फक्त इथे स्पॅनिशने सुरुवातीचा 'फ'ही गिळलाय.

इटलीतल्या टस्कनी प्रांतात उलट झालं. तिथे 'र'च नाहीसा झाला आणि 'इ' उरला : आइओ. म्हणून इटालियनमध्ये भट्टीवाला, म्हणजे बेकर, 'फोर्नाइओ' आणि मोची 'काल्त्सोलाइओ'. पण रोमकडे आणि टस्कनीबाहेर इतरत्र 'र' टिकला, तिथे '-आरो' ऐकू येतं. शिवाय इटालियनने फ्रेंचकडून '-इएरे' उसनं घेतलंय. वेटरला ते 'कामेरिएरे' म्हणतात. 'कामेरा' म्हणजे खोली, तर हा मुळात खोलीवाला, खोल्यांत सेवा करणारा नोकर. एकाच भाषेत एकाच शेपटीची तीन-चार रूपं, त्यामुळे इटालियन शिकताना नियम पाठ करण्यापेक्षा शब्द ऐकलेला बरा.

फ्रेंचमध्ये '-इए'. 'श' आणि 'झ' या आवाजांनंतर 'इ' जातो आणि नुसता 'ए' राहतो : खाटीक 'बुशे', घड्याळजी 'ओर्लोझे', मेंढपाळ 'बेर्झे'. बाकी ठिकाणी 'इ' शाबूत : माळी 'झार्दिनिए', मोची 'कॉर्दोनिए'. या मोच्याच्या नावात स्पेनमधलं कोर्दोबा शहर आहे, तिथल्या चामड्याची ख्याती होती म्हणून.

तिसरी पायरी : उत्तरेत वाल्याचा णारा झाला

इथे खरी गंमत आहे आणि विद्यार्थी इथेच अडखळतात.

जर्मानिक भाषांनी, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच यांच्या कुळाने, ही शेपटी फार लवकर उचलली. ४थ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणलं, त्यात लेखनिकाला 'बोकारीस' म्हटलंय. 'बोका' म्हणजे अक्षर. हा अजून वालाच आहे. पण त्याच भाषेत शिक्षकाला 'लाइसारीस' म्हटलंय आणि तिथे पाठीमागे 'शिकवणे' हे क्रियापद उभं दिसतं. पुढे जर्मनमध्ये '-एर' आणि इंग्रजीत '-अर' बिनदिक्कत क्रियापदांना लागायला लागला. लेहरर शिकवणारा, बेकर भाजणारा, ड्रायव्हर चालवणारा. लॅटिनचा वाला उत्तरेत णारा झाला.

हे विचित्र वाटत असेल तर हिंदीकडे बघा. आपण 'जाणारा' म्हणतो, हिंदीवाले 'जानेवाला' म्हणतात. 'दूधवाला'ही तोच आणि 'जानेवाला'ही तोच. जर्मन '-एर'ने नेमकं हेच केलं.

इंग्रजीत त्याआधी वेगळ्या शेपट्या होत्या. शिकाऱ्याला जुन्या इंग्रजीत 'हुंता' म्हणत, आडनाव हंट तिथूनच आलं. बायकांसाठी '-एस्ट्रे' होता : भाजणारी 'बेकेस्ट्रे', विणणारी 'वेबेस्ट्रे'. पुढे त्या पुरुषांनाही लागल्या आणि बॅक्स्टर, वेब्स्टर ही आडनावं झाली. '-अर'ने बाकी सगळ्यांना हुसकावलं.

मग १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं आणि त्यांच्या फ्रेंचमधून तीच शेपटी दुसऱ्यांदा आत आली. ऑफिसर, बटलर (बाटलीवाला, शब्दशः), ग्रोसर असे फ्रेंच '-इए'चे शब्द इंग्रजीत '-अर' झाले आणि देशी '-अर'मध्ये बेमालूम मिसळले. पॅसेंजर आणि मेसेंजर हेही त्यांतलेच. फ्रेंचमध्ये 'पासाझे' आणि 'मेसाझे' असं आहे. मधला 'न' इंग्रजांनी आपल्या जिभेच्या सोयीसाठी घातलेला. दौंडला प्रत्येक स्टेशनवर थांबत जाणारी पॅसेंजर पकडाल तेव्हा तिच्यातला एक डबा फुकट जोडलेला आहे हे लक्षात ठेवा.

स्लाव्ह भाषांत ही शेपटी '-आर' होऊन गेली. रशियनमध्ये बेकर 'पेकार', क्रोएशियनमध्ये कोळी 'रिबार', चेकमध्ये डॉक्टर 'लेकार्श'. पोलिशमध्ये लिहिताना 'र' असतो, पण शब्दाच्या शेवटी त्याचा उच्चार 'श' होतो : 'प्येकाश' बेकर, 'लेकाश' डॉक्टर, 'पिऊकाश' फुटबॉलपटू. पोलंडमध्ये पाटी वाचताना हे ठाऊक असलं तर ओळख पटकन पटते, नुसतं ऐकून पटत नाही.

बास्कमध्ये चेंडू खेळणारा 'पेलोतारी', आयरिशमध्ये कोळी 'इअस्करे'. तिथेही तीच. बाकी कोपरे तुम्ही शोधा.

चौथी पायरी : आडनावांवर सराव करा

आडनावं म्हणजे फुकटचा सराव. फुटबॉलचा सामना लावा आणि पाठीवरची नावं वाचा. म्युलर, मोल्नार, मोलिनारी, म्युनिए : सगळे गिरणीवाले. इंग्रज मिल्नरमध्ये तर 'मोलिना'चा 'न'सुद्धा शाबूत आहे.

लोहार घ्या. लॅटिन 'फेर्रुम' म्हणजे लोखंड, 'फेर्रारिउस' लोहार. इटलीत फेरारी आणि फेरारो, कॅटलान प्रदेशात फेरेर, स्पेनमध्ये एर्रेरो. एवढी महागडी गाडी आणि नाव 'लोहारांचे'.

आता गोवा आणि वसई. मोंतेरो हा 'मोंतेइरु', डोंगररानातला शिकारी; हा खरा वाला. पण परेरा, ऑलिवेरा, फेरेरा यांत शेवटी 'आ' आहे, ती स्त्रीलिंगी शेपटी '-एइरा'. पोर्तुगीजमध्ये ती झाडांना लागते. 'पेरा' म्हणजे नासपती, 'पेरेइरा' नासपतीचं झाड. 'ऑलिवेइरा' ऑलिव्हचं झाड. आणि 'फेरेइरा' म्हणजे लोखंड निघतं किंवा घडतं ती जागा. तेव्हा परेराला 'वाला' समजू नका. आणि शेजारच्या मोंतेरोंच्या पूर्वजांनी शिकार केली असेल असंही धरू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा एखाद्या पोर्तुगीज मानकऱ्याचं आडनाव मिळणं ही सर्रास रीत होती. आडनावावरून शेपटी शिकावी, कुळाचा इतिहास नाही.

पाचवी पायरी : फसव्या जागा

यातली पहिली माझ्या अंगावरची. फ्रेंच शिकत असताना एका छोट्या जाहिरातीचं भाषांतर करायचं होतं. शब्द होता 'क्विझिनिएर'. 'क्विझिनिए' म्हणजे स्वयंपाकी, हे मला येत होतं; म्हणून मी झोकात लिहिलं, 'स्वयंपाकीण विकणे आहे'. पुढची ओळ होती : चार बर्नर, गॅसवर चालते. 'क्विझिनिएर' म्हणजे स्वयंपाकीणही आणि शेगडीही. वर्गात माझं नाव महिनाभर तेच होतं.

यातला नियम असा : '-आरिउस' मुळात विशेषण आहे, 'अमुकाचा, अमुकासंबंधीचा'. माणूस असेलच असं नाही. फ्रेंचमध्ये तीच शेपटी झाडांना लागते, सफरचंदाचं झाड 'पोमिए', आणि भांड्यांनाही, मिठाचं भांडं 'सालिएर', चहाची किटली 'तेइएर'. स्पॅनिश 'सोम्ब्रेरो' टोपी आहे, टोपीवाला नाही. 'सोम्ब्रा' म्हणजे सावली. आपल्याकडेही 'मधला वाला दे' म्हणताना माणूस कुठे असतो?

दुसरी जागा इंजिनिअरची. स्पॅनिशमध्ये 'इन्हेनिएरो', पोर्तुगीजमध्ये 'एंझेन्येइरु' : स्वच्छ वाला. पण फ्रेंचमध्ये 'अँझेन्यर', आणि '-अर' हा फ्रेंच आवाज णाऱ्याचा, '-आटोर'चा, आहे. इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, म्हणजे तोही मुळात णारा, पण रूप वाल्यासारखं दिसतं. एकच पेशा, दोन शेपट्या. टेलरही असाच : फ्रेंच 'तायर', कापणारा. इंग्रजी '-अर' दिसला म्हणून डाव्या रकान्यात टाकायची घाई करू नका. त्याच शब्दाचा फ्रेंच किंवा स्पॅनिश भाऊ बघा. स्पॅनिशमध्ये '-एरो' असेल तर डावा रकाना, '-दोर' असेल तर उजवा. विकणारा तिथे 'बेंदेदोर', इटालियनमध्ये 'वेंदितोरे', फ्रेंचमध्ये 'वाँदर'. त्यातही इंजिनिअरसारखा एखादा दगा देतोच.

तिसरी जागा आपल्या घरातली, आणि मला सगळ्यात आवडणारी. क्रोएशियनमध्ये सोन्याला 'झ्लातो' म्हणतात आणि सोनं घडवणाऱ्याला 'झ्लातार'. आपल्याकडे सोनं आणि सोनार. लोहार, कुंभार, चांभार, सगळ्यांना '-आर'. वर्गात दर वर्षी कुणीतरी उठून म्हणतं, 'सर, सापडलं!' सापडलेलं काही नाही. आपला '-आर' हा संस्कृत 'कार' आहे : सुवर्णकार, लोहकार, कुंभकार, चर्मकार, मधला 'क' प्राकृतात झिजून गेला. त्यांचा '-आर' हा लॅटिन '-आरिउ'. दोन वेगवेगळ्या डोंगरांतून निघालेल्या नद्या एकाच रंगाच्या दिसाव्यात तसं झालंय. तपासायची रीत सोपी आहे : दोन्ही शब्द मागे मागे न्या. जुन्या रूपात एकात 'क' सापडतो, दुसऱ्यात नाही.

सहावी पायरी : झिजलेला आणि न झिजलेला

काही शब्द लोकांच्या तोंडून आले, काही चर्चच्या आणि कचेरीच्या कागदांतून. कागदावरचे झिजले नाहीत. फ्रेंचमध्ये लोकांचा '-इए', कागदाचा '-एर' : नोटरी 'नोतेर', सेक्रेटरी 'सेक्रेतेर'. स्पॅनिशमध्ये '-एरो' आणि '-आरिओ', ग्रंथपाल 'बिब्लिओतेकारिओ'. इंग्रजीत कागदी रूप '-री' : नोटरी, सेक्रेटरी, मिशनरी. तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाशेजारची 'नोटरी' ही पाटी म्हणजे रोमचा 'नोतारिउस', लघुलिपीत टिपणं घेणारा.

कधी एकाच लॅटिन शब्दाची दोन्ही पोरं भेटतात. 'प्रिमारिउस' म्हणजे पहिल्या दर्जाचा. प्रीमियर पद्मिनी गाडीतला प्रीमियर हा झिजलेला, झेडपीच्या प्रायमरी शाळेतला प्रायमरी हा न झिजलेला. वहीत अशा जोड्या वेगळ्या पानावर लिहा, त्या सगळ्यात जास्त लक्षात राहतात.

सातवी पायरी : घरातून सुरुवात करून उलटं जा

शेवटचा सराव आपल्या भागातल्या शब्दांवर. गोव्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव विकायला येतो तो पोदेर. पोर्तुगीज 'पादेइरु'. कोकणीने शेवटचा स्वर टाकला, 'एइ'चा 'ए' केला आणि 'पा'चा 'पो'. माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर हा 'रेंदेइरु', म्हणजे 'रेंद'वाला, खंड भरून झाडं कसणारा. स्वयंपाकी कुजनेर हा 'कुझिन्येइरु'. गोव्याने '-एइरु'चा '-एर' केला. कॅटलानमध्ये आणि जर्मनमध्येही '-एर'च आहे. तिन्ही जणांनी स्वतंत्रपणे तेवढीच झीज केली.

नागपूरकडे कपाटाला आलमारी म्हणतात, तिच्यातही हीच शेपटी आहे, नपुंसकलिंगी : लॅटिन 'आर्मारिउम', आधी शस्त्रं ठेवायची जागा, पोर्तुगीजांकडून ती आपल्याकडे आली.

आता स्वतः करून बघायला एक माणूस देतो : घड्याळजी. फ्रेंच 'ओर्लोझे', स्पॅनिश 'रेलोहेरो', पोर्तुगीज 'रेलोझुएइरु', हे तिन्ही डाव्या रकान्यात सरळ जातील. जर्मन 'ऊरमाखर' म्हणजे 'घड्याळ-करणारा', तिथे '-एर' आहे पण तो 'करणे' या क्रियापदाला लागलाय. तिसरी पायरी पुन्हा वाचा. पोलिश शब्द आहे 'झेगारमिस्त्श'. त्यात मधे 'आर' दिसेल आणि हात शिवशिवेल, पण 'झेगार' म्हणजे नुसतं घड्याळ, घड्याळवाला नाही. उरलेला 'मिस्त्श' हा लॅटिन 'माजिस्तेर', म्हणजे उस्ताद. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'मेस्त्रे' झाला आणि आपल्याकडे मिस्त्री.